निलगिरी तोडली, आता पाच एकरात परत रान कसं आणायचं? (जांबोटी भाग, खानापूर तालुका, बेळगाव)

तांबडी_माती | १४ एप्रिल, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढालोय, तेव्हा चुकलं माकलं सांभाळून घ्या.

आजोळची पाच एकर जमीन आहे जांबोटीच्या अलीकडे, मालकीची, उताराची. १९९२-९३ च्या सुमाराला मामानं तिथं निलगिरी लावली, तेव्हा सगळेच लावत होते. दोन-तीनदा तोड झाली, फुटवे आले, परत तोड. गेल्या वर्षी शेवटची तोड करून गाडी भरली आणि मामा म्हणाला आता तू काय करायचं ते कर, माझे गुडघे गेले. आता तिथं खुंट आहेत, रानमोडीचं तण आहे, आणि उन्हात चालायला लागलं की चप्पल तापते इतकी उघडी माती.

आई सांगते की तिच्या लहानपणी तिथं दुपारीसुद्धा अंधारल्यासारखं वाटायचं. ते परत आणायचंय. पण शंका अशी की आईच्या लहानपणीचा पाऊस आता राहिलाय का? २०१९ ला पुरानं झोडपलं, २०२३ ला जून अख्खा कोरडा गेला. मग जुनी होती तीच झाडं लावायची की पन्नास वर्षांनी जे हवामान असेल त्याला टिकतील अशी? जूनच्या आधी जेसीबीनं खड्डे मारायचेत, म्हणून जरा घाई आहे. मामाचं मत काजू.

कुंदाप्रेमी | १४ एप्रिल, रात्री १०:०५

मामाचं ऐक. काजू लाव आणि मोकळा हो. रान बघायचंच असलं तर कणकुंबीच्या रस्त्याला गाडी थांबव, दोन्ही बाजूला आहेच की.

गार्डकाका_निवृत्त | १५ एप्रिल, सकाळी ६:२०

तांबडी माती, पहिलं काम म्हणजे जेसीबीवाल्याला फोन करून येऊ नको म्हणून सांग. यंदा एकही खड्डा मारायचा नाही.

मी एकतीस वर्षं जंगलात काढली, त्यातली वीस याच बाजूला. आयुष्यात किती खड्डे मारून घेतले त्याचा हिशोब नाही आणि त्यातली किती झाडं उभी आहेत ते विचारू नको. तू असं कर, एक दिवस सकाळी चुन्याची पिशवी घेऊन जा आणि पाच एकर पायानं फिर. निलगिरीचे खुंट सोडून बाकी काय काय आहे बघ. गुडघ्याएवढं झुडूप दिसेल, दरवर्षी जळून किंवा गुरांनी खाऊन खुजं राहिलेलं, ते झुडूप नसतं, ते झाड असतं. खाली मूळ मनगटाएवढं जाड असतं. ऐन (कन्नडात मत्ती), किंजळ, नाणा (नंदी), जांभूळ, धामण, कुंभा ही सगळी अशी जमिनीखाली दबा धरून बसतात. प्रत्येकाजवळ चुन्याची खूण कर आणि मोज. मग इथं येऊन आकडा सांग. एकरी शंभरच्या वर निघाले तर तुला झाडं लावायची नाहीत, राखायची आहेत.

जुन्या मुळावरून येणारा फुटवा पहिल्या पावसात पोरगं उंच होतं तसा दोन-तीन हात वर जातो. पिशवीतलं रोप तेवढ्या वेळात नुसतं जगायची धडपड करत असतं. आणि तुझ्या हवामानाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यातच आहे. जूनमध्ये पाऊस तीन आठवडे दडी मारून बसला तर पिशवीतल्या रोपाचं मूळ वीतभर खोल असतं, ते मरतं. खुंटावरच्या फुटव्याचं मूळ आधीच खाली ओलीपर्यंत पोचलेलं असतं, त्याला पत्ताही लागत नाही.

निलगिरीचे फुटवे मात्र सोडू नको. पावसाळ्यात दोनदा आणि दिवाळीनंतर एकदा, बोटाएवढे असतानाच मोडून काढायचे, खुंटाची साल जमिनीपर्यंत सोलून टाकायची. दोन-तीन वर्षं चिकाटी पाहिजे, मग तो दमतो.

पुण्यातला_बेळगावकर | १५ एप्रिल, सकाळी ११:१२

छान विषय. आमच्या सोसायटीनं मियावाकी केलंय, चौरस मीटरला तीन-चार रोपं, तीन वर्षांत घनदाट. पक्षी पण येतात. तुम्ही का नाही करत?

सडाफटिंग | १५ एप्रिल, दुपारी १:४०

पुणेकर, पाच एकर म्हणजे वीस हजार चौरस मीटरच्या वर. तीननं गुणा. साठ हजार रोपं. वर खोदाई, शेणखत, ठिबक. मामाची निलगिरी विकून आलेले पैसे पहिल्या गुंठ्यातच संपतील. शहरात सोसायटीच्या मागं चार गुंठ्यांत ठीक आहे हो, जिथं आजूबाजूला बी नाही, पक्षी नाहीत, माती भरावाची. जांबोटीला आकाशातूनच बी पडतंय.

तांबडी माती, एक विचारायचं होतं. पाच एकरात कुठं जांभ्याचा उघडा सडा आहे काय? असला तर त्याला हात लावू नका प्लीज. लोकांना काळा कातळ दिसला की तिथं माती टाकून झाड लावावंसं वाटतं. सडा म्हणजे मेलेलं जंगल नव्हे, ते स्वतःच एक वेगळं रान आहे. ऑगस्ट-सप्टेंबरात तिथं सीतेची आसवं, दवबिंदू, कंदीलपुष्प काय काय येतं, बेडकं त्या डबक्यात वाढतात. तिथं झाड लावणं म्हणजे तळ्यात माती भरून बाग केल्यासारखं.

(आयडीवर विनोद करून झालेत सगळ्यांचे, नवीन असला तरच करा.)

तांबडी_माती | १५ एप्रिल, रात्री ८:३०

काका, जेसीबीवाल्याला थांबवलं. तो म्हणाला अॅडव्हान्स परत मिळत नाही :(

सडाफटिंग, आहे की. वरच्या अंगाला वीस-पंचवीस गुंठे नुसता कातळ आहे, आजी तिथं भात वाळवायची. मी तिथंच सगळ्यात आधी काहीतरी लावायचं ठरवलं होतं, भकास दिसतं म्हणून. आता नाही लावत.

अथणीची_अक्का | १६ एप्रिल, सकाळी ७:०५

मी थोडी उलटी बाजू मांडते. गार्डकाका म्हणतात जे आहे ते राखा. बरोबर. पण मूळ प्रश्न होता पुढच्या पन्नास वर्षांचा, त्याचं काय?

आपला जिल्हा नकाशावर बघा. कणकुंबीला पाऊस मोजायची बादली भरून वाहते, खानापुरात त्याच्या निम्म्यानंही पडत नाही, बेळगाव शहरात बाराशे-तेराशे मिलिमीटर, आणि आमच्या अथणीला पाचशे-सहाशे, तोही मिळाला तर. कणकुंबी ते अथणी दिडशे-पावणेदोनशे किलोमीटर असेल. म्हणजे पन्नास वर्षांनी काय होईल हे बघायला टाइम मशीन नको, एसटीनं पूर्वेकडं जायचं. जांबोटीला आज जे आहे ते उद्या खानापूर-नंदगडसारखं झालं तर? जांभूळ, ऐन, बेहडा, शिवण ही झाडं तिथंही आहेत आणि तुमच्याकडंही आहेत. मग बी थोडं त्या कोरड्या बाजूच्या झाडांचं का आणू नये? झाड तेच, पण त्याच्या आईबापांनी जास्त ऊन सोसलेलं.

रानवेडा_खानापूर | १६ एप्रिल, सकाळी १०:४८

अक्का, मुद्दा चांगला आहे पण दोन ठिकाणी अडतो.

एक, आपल्याकडं पाऊस सरळ कमी होत चाललाय असं म्हणता येत नाही. पडायचे दिवस आणि पडायची रीत बदलालीय. चार दिवसांत महिन्याचा पडतो आणि मग पंधरा दिवस ऊन. मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ मध्ये मोठ्या भागावर एकदम कोसळणाऱ्या पावसाच्या घटना तिप्पट झाल्या असा अभ्यास आहे, अरबी समुद्र तापल्यामुळं वाफ जास्त येते वगैरे. आपण त्या पट्ट्यात येत नाही हे आधीच सांगतो, नाहीतर कुणीतरी पकडेल. पण २०१९ चा ऑगस्ट आपण बघितलाय, आणि २०२३ ला कर्नाटकातले २३६ पैकी २२३ तालुके दुष्काळी जाहीर झालेलेही बघितलेत. म्हणजे झाडाला नुसतं कोरडं सोसून भागत नाही. त्याच झाडाला जुलैत पाय पाण्यात आणि मेमध्ये पाय चुलीत. कोरड्या बाजूचं बी मेमध्ये टिकेल, पण जांबोटीच्या जुलैत कुजलं तर?

दोन, म्हणून मी मिसळ म्हणतो (खायची नव्हे). अर्ध्याहून जास्त बी तिथलंच, दहा-बारा किलोमीटरच्या आतलं. थोडं खानापूर-नंदगड-कित्तूर बाजूचं. एकाच झाडाखाली बसून पोतं भरायचं नाही, वीस-पंचवीस वेगवेगळ्या आईझाडांचं गोळा करायचं. कोणतं जगेल ते आपण नाही ठरवायचं, तिथला जुलै आणि मे ठरवेल.

कुंदाप्रेमी | १६ एप्रिल, सकाळी ११:३०

नंदगडची झाडं म्हटल्यावर मला संगोळ्ळी रायण्णाच्या समाधीजवळचा वड आठवला. १८३१ ला फाशी दिली त्याला तिथं. त्या वडानं काय काय ऊन-पाऊस बघितला असेल. त्याचीच फांदी आणून लावा राव.

सडाफटिंग | १६ एप्रिल, दुपारी १२:१५

कुंदाप्रेमी गमतीत बोलला पण वडाचं बरोबर आहे (त्याच वडाची नको, पूजेतला आहे). वड, उंबर, पिंपरण, नांदरूक यांच्या जाड फांद्या पावसाच्या सुरुवातीला लावल्या तर लागतात. आणि फळ धरलं की बाकीचं काम धनेश, बुलबुल, वटवाघळं, उदमांजरं करतात. जिथं बसायला फांदी तिथं विष्ठा, जिथं विष्ठा तिथं बी. तोवर नुसते उंच बांबू रोवून ठेवले तरी पक्षी बसतात.

वटवाघळांवरून आठवलं. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेतलं ते राउटनचं वटवाघूळ, १९१३ साली शास्त्रात नोंदलं गेलं आणि त्यानंतर कित्येक वर्षं अख्ख्या जगात फक्त आपल्या खानापूर तालुक्यात माहीत होतं. किती बेळगावकरांना माहीत आहे? कुंदा आणि मांडे सोडून आपलं नाव जगात ज्यामुळं आहे ते हे.

कुंदाप्रेमी | १६ एप्रिल, दुपारी १२:२०

कुंद्याशी वटवाघळाची तुलना केल्याबद्दल निषेध.

भांडुऱ्याचं_पाणी | १६ एप्रिल, दुपारी ३:००

रान राहील कसं, आधी पाणी तर राहू द्या. २०१८ ला म्हादई लवादानं कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं, आता कळसा-भांडुरासाठी झाडं जाणार त्याचं काय ते बोला. गोव्याचं आणि

संपादक_मंडळ | १६ एप्रिल, दुपारी ३:२०

म्हादईवर तीन धागे आधीच आहेत, त्यातला एक सातशे प्रतिसादांचा. तिथं चला. वरचा अर्धा प्रतिसाद तिकडं हलवलाय.

लोंढा_जंक्शन | १७ एप्रिल, रात्री ९:१५

आमच्याकडं निलगिरी नाही, अकेशिया आहे, आमच्या घरामागं दोन एकर. मीही सगळं एकदम तोडून देशी झाडं लावणार होतो. एका ओळखीच्या मॅडमनी (वनस्पतीशास्त्र शिकवतात) आधी आत वाकून बघा म्हटलं. बघितलं तर अकेशियाच्या सावलीत कोकम, जांभूळ, अंजनी, वावडिंगाच्या वेली, चारफूट-चारफूट वर आलेलं. मूळ रान पाचशे मीटरवर आहे म्हणून पक्ष्यांनी बी टाकलं असणार. आता मी दरवर्षी थोडी थोडी अकेशिया काढतोय, म्हणजे सावली एकदम जात नाही आणि खालच्यांना हळूहळू ऊन मिळतं. पैसेही टप्प्याटप्प्यानं येतात.

तर परदेशी झाड म्हणजे राक्षस असं सरसकट नको.

गार्डकाका_निवृत्त | १८ एप्रिल, सकाळी ६:१०

लोंढा जंक्शन, तुमच्याकडं चाललं कारण रान शेजारी होतं. जिथं मैलोन्‌मैल अकेशियाच आहे तिथं वाकून बघितलंत तर वाळकी पानं दिसतील, बाकी काही नाही. ती पानं लवकर कुजत नाहीत, आणि तो थर पेटला की अकेशियाचं बी उलट जोमानं उगवतं, आगीनं त्याची कडक साल फुटते. पण हळूहळू काढायची पद्धत बरोबर आहे, एकदम तोडू नका हे मीही सांगेन. आमच्या काळात एवढं कुणी शिकवलं नाही. वरून आकडा यायचा, एवढे हेक्टर, एवढी रोपं, जुलै संपायच्या आत. आम्ही पण लावत गेलो.

आणि आगीचं बोलायचं राहिलंच की. तांबडी माती, आग थांबवता आली नाही तर बाकी सगळं सोडून दे. २०२३ च्या मार्चमध्ये चोर्ल्याच्या पलीकडं गोव्यातल्या म्हादई अभयारण्यात वणवे लागले ते आठवतंय ना, हेलिकॉप्टरनं पाणी टाकायला हवाई दल आणि नौदल आणावं लागलं. ओल्या रानात एवढी आग आम्ही नोकरीत बघितली नव्हती. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी जाड, तो एखादी आग सोसतो. अंजनीसारख्या पातळ सालीच्या झाडाला एकच पुरे. म्हणजे पाच वर्षांत दोनदा जळालं तर तुझ्या रानात कुठली झाडं उरणार ते आगच ठरवून टाकते. डिसेंबर संपायच्या आत हद्दीवर तीन मीटरचा जाळपट्टा (आग अडवायला मोकळा पट्टा) काढ, गवत कापून उचल, आणि शेजाऱ्यांना चहा पाज. चहा जास्त महत्त्वाचा.

दावणीचा_बैल | १८ एप्रिल, दुपारी २:४५

सगळे शिकलेले लोक बोलालेत म्हणून इतके दिवस गप्प होतो. मी गवळीवाड्यावरचा, सध्या बेळगावात नोकरीला, घरी अजून बावीस म्हशी आहेत. वर लिहिलंय गुरांनी खाऊन झाडं खुजी राहतात, म्हणजे पुढं गुरं थांबवा, कुंपण घाला हे येणारच. बरोबर आहे तुमचं. पण माझ्या बापानं म्हशी कुठं न्यायच्या ते कुणी लिहिलं नाही. एका बाजूला अभयारण्य, एका बाजूला अकेशियाला तार, आता शिकलेल्या भाच्यांचं देशी जंगल, त्याला पण तार. रान राखायचा अर्थ दरवेळी आमची वाट बंद असाच होतो.

दुसरं. निलगिरीखाली गवत येत नव्हतं. आता उघडं पडल्यावर दोन-तीन वर्षं तुमच्याकडं गवत माजणार. ते नाही काढलं तर तुमचा वणवा त्यातच लागणार. कापून न्यायला आमची माणसं येतील, फुकट. बोलावून बघा.

तांबडी_माती | १८ एप्रिल, रात्री १०:१०

दादा, खरं सांगतो, हे डोक्यातच आलं नव्हतं. तार घालायचा विचार होता, कोटेशन पण आणलं होतं. व्यक्तिगत निरोप केलाय, बघा.

पुण्यातला_बेळगावकर | १९ एप्रिल, सकाळी ९:३०

एक भाबडा प्रश्न. एवढं सगळं चांगलं आहे तर गावातले लोक देशी झाडं का लावत नाहीत? जागृती कमी पडते का?

रानवेडा_खानापूर | १९ एप्रिल, सकाळी १०:१५

जागृती नव्हे हो, कागद. निलगिरी तोडायला कुणाला विचारावं लागत नव्हतं. देशी झाड मोठं झालं की १९७६ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली अर्ज, पंचनामा, फेऱ्या. म्हणून शेतकरी बांधावर आलेलं सागाचं, शिसवीचं रोप लहान असतानाच उपटतो, पुढची कटकट नको म्हणून. झाडं वाचवायला केलेल्या कायद्यामुळं झाड उगवायच्या आधीच मरतं. २०१७ ला सरकारनं नवी निलगिरी लावायला बंदी घातली, ते बरं झालं, पण दुसऱ्या बाजूची कटकट तशीच.

कृषी अरण्य योजना आहे, जगलेल्या रोपामागं तीन वर्षांत मिळून १२५ रुपये देतात. पण ती लावलेल्या रोपासाठी. गार्डकाकांच्या खुंटावरच्या फुटव्याला कोण पैसे देणार? तो कुणी लावलेलाच नाही ना.

कुंदाप्रेमी | १९ एप्रिल, सकाळी १०:२०

फुटव्यांना पिशव्या घालून फोटो काढायचा.

अथणीची_अक्का | २० एप्रिल, सकाळी ६:५५

बियांबद्दल, कारण आता आंबे-जांभळांचे दिवस येतील. जांभळाचं, फणसाचं, कोकमाचं बी वाळवून डब्यात ठेवू नका, मरतं. जांभूळ खाल्लं की आठवड्याभरात मातीत. एका बीतून दोन-तीन रोपं आली तर घाबरू नका, जांभळाचं तसंच असतं. हिरडा-बेहड्याचं उलट, गर काढून, भिजवून, मग महिना-दोन महिने धीर धरायचा.

रानवेड्याशी पाऊसपाण्याच्या मुद्द्यावर मी अर्धीच सहमत आहे, पण मिसळ मान्य.

तांबडी_माती | २७ एप्रिल, रात्री ९:००

काका, मोजले. मी, बायको आणि मामा (खुर्ची टाकून). दोन रविवार गेले. खालच्या अंगाला, ओढ्याकडच्या दोन एकरात २९४ निघाले, मला नावं येत नव्हती पण मामाला सगळी येतात, ऐन, किंजळ, जांभूळ, गेळा, एक बिब्बा. पण वरच्या अंगाला अडीच एकरात फक्त ३७. उरलेला अर्धा कातळ.

मामा स्वतः निलगिरी लावणारा माणूस, तो एकेका झुडपाला काठी लावून नाव सांगत होता आणि मधेच म्हणाला की हे सगळं मी तीस वर्षं तोडत होतो बघ. मग बराच वेळ काही बोलला नाही.

गार्डकाका_निवृत्त | २८ एप्रिल, सकाळी ६:०५

झालं मग. खालच्या दोन एकरात काही लावू नको. वरच्या अडीच एकरात अक्कांचं आणि रानवेड्याचं बी टाक, झुडपांच्या आडोशाला, उघड्यावर नको. रानमोडी सगळी एकदम उपटू नको, जिथं बी टाकशील तिथलीच काढ, बाकीची सावलीला राहू दे, फुलायच्या आधी कापायची. कातळ कातळासारखा राहू दे.

सडाफटिंग | २८ एप्रिल, दुपारी १:००

शेवटच्या वाक्याला दोनदा लाइक.

तांबडी_माती | ९ नोव्हेंबर, रात्री ८:४०

धागा वर काढालोय. पावसाळा संपला म्हणून हिशोब.

खालच्या भागातले फुटवे माझ्या छातीला लागले, काही डोक्यावर. वरच्या भागात बी टाकलं होतं सातशेच्या आसपास, साळिंदरानं आणि माकडांनी किती खाल्लं देव जाणे, आज १६३ रोपं मोजली. त्यात जांभळं जास्त, नंदगड बाजूचं बेहडा अजून वर आलेलं नाही. जुलैत एका रात्रीत उतारावरची माती वाहून गेली आणि चाळीसेक रोपं तिच्याबरोबर, रानवेडा म्हणाला होता तेच झालं. आता गवताचे पेंढे आडवे टाकलेत. दावणीच्या बैलाच्या घरची माणसं दोनदा येऊन गवत घेऊन गेली, त्यांच्या वडिलांनी जाळपट्टा कुठून काढायचा ते दाखवलं, मी ठरवलं होतं त्याच्या बरोबर उलट्या बाजूनं, वारा तिकडून येतो म्हणे. फक्त निलगिरीचे फुटवे मोडून हाताला घट्टे पडलेत.

आणि एक जांभळांचा पुंजका आम्ही टाकलेलाच नाही तिथं आलाय, दहा-बारा रोपं एकाच जागी.

गार्डकाका_निवृत्त | १० नोव्हेंबर, सकाळी ६:१५

अस्वल. पोटभर खाऊन तिथं बसलं असणार. संध्याकाळनंतर एकटा जाऊ नको.

कुंदाप्रेमी | १० नोव्हेंबर, सकाळी ९:००

म्हणजे मामाचे काजू राहिलेच शेवटी.

तांबडी_माती | १० नोव्हेंबर, सकाळी ९:२५

कुठले राहतात. घरामागच्या बांधाला सोळा लावलेत, मला न सांगता.